डोळ्यातलं इंजेक्शन आणि "मॅडम, हे ओपीडीत येतं" - माझा अनुभव

घरात शुगरचा पेशंट आहे आणि मेडिक्लेम पण आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. आईच्या डोळ्यातल्या इंजेक्शनचा क्लेम शेवटी मिळाला तरी माझा राग अजून गेलेला नाही, कारण जे पत्र दाखवून आमचा क्लेम नाकारला ते पत्र अजूनही रोज कुणाला ना कुणाला जात असणार आणि बरेच लोक ते वाचून गप्प बसत असणार.

आईला डायबेटीस बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू, शुगर कधी बरी कधी वर. भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन तिला वाकडे दिसायला लागले. "यंदा रेघा अशा लाटेसारख्या का छापल्यात गं?" असं तिनं मला विचारलं. एक डोळा झाकून बघायला सांगितलं तर उजव्या डोळ्यानं रेघा सरळ आणि डाव्यानं मधोमध वाकलेल्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून काही उपयोग झाला नाही, शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून आत बघितलं आणि लगेच रेटिनावाल्या मॅडमकडे पाठवलं.

रेटिना म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, आणि त्याच्या मधोमध मॅक्युला असतो, ज्यानं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो. शुगरमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात आणि त्यातून पाणी झिरपून मॅक्युला सुजतो. याला डायबेटिक मॅक्युलर इडिमा म्हणतात. ओसीटी म्हणून एक स्कॅन असतो, त्यात हनुवटी टेकवून बसायचं, दुखत बिखत काही नाही, पण त्यात पडद्याचे थर आणि आत साठलेलं पाणी स्पष्ट दिसतं. आईच्या स्कॅनमध्ये मधे काळे काळे पोकळ कप्पे होते, मॅडमनी बोट ठेवून दाखवले, "हे सगळं पाणी आहे." मला अजून ते चित्र आठवतं.

त्यावर उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. रक्तवाहिन्या गळायला लावणारं व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन असतं, त्याला हे औषध अडवतं. बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही नावं तुम्हाला प्रिस्क्रिप्शनवर दिसतील. पहिलं मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी बरेच डॉक्टर वापरतात आणि ते सगळ्यात स्वस्त पडतं. रॅनिबिझुमॅबचं भारतात बनलेलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध, 2015 पासून मिळतंय त्यामुळे तेही आधीपेक्षा आवाक्यात आलंय. कुठलं द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार, पण किमतीत खूप फरक असतो म्हणून आधी विचारा, विचारायला लाजू नका. आणि एका इंजेक्शनवर भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला काही द्यावी लागतात, मग ओसीटी बघून पुढचं. म्हणूनच इन्शुरन्सचा प्रश्न एवढा मोठा होतो, दर महिन्याला खिशातून पैसे काढायचे म्हणजे साध्या घराला जड जातं.

प्रत्यक्ष इंजेक्शन छान पार पडलं. ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, डोळा सुन्न करायचे थेंब, मग बीटाडीननं स्वच्छ करतात ते थोडं झोंबतं, पापण्या क्लिपनं उघड्या ठेवतात आणि पांढऱ्या भागातून बारीक सुईनं औषध आत. सुई जायला काही सेकंद. आई म्हणाली, नुसतं दाबल्यासारखं वाटलं. नंतर पांढऱ्यावर लाल डाग आणि डोळ्यासमोर एक दोन काळे गोळे तरंगताना दिसले, ते जातात. पण नंतरच्या दिवसांत डोळा जास्त दुखायला लागला, लाली वाढत गेली किंवा नजर आणखी कमी झाली तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, आत इन्फेक्शन झालं असेल तर तासातासाला नुकसान होतं. हे मॅडमनी आम्हाला कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद मी फ्रिजवर चिकटवला.

आता क्लेम.

कॅशलेससाठी पाठवलं, म्हणजे कंपनीनं थेट हॉस्पिटलला पैसे द्यावेत म्हणून, ते लगेच नाकारलं. आयआरडीएआय म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 2024 च्या सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसवर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि आम्हाला खरंच तासाच्या आत निर्णय मिळाला, नकाराचा. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरचे दादा म्हणाले, "ताई, डोळ्याच्या इंजेक्शनला हे असंच करतात, तुम्ही पैसे भरा आणि मग परत मिळवायला रिइम्बर्समेंटला टाका." म्हणून पैसे भरले, क्लेम फॉर्म पार्ट ए मी भरला, पार्ट बी हॉस्पिटलनं, ओरिजिनल बिलं, पावती, ओसीटी रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, औषधाच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर, कॅन्सल्ड चेक, सगळं जोडून पाठवलं. मग क्वेरी आली, इनडोअर केस पेपर द्या. दिले. मग क्वेरी, डायबेटीस कधीपासून आहे त्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या. तेही दिलं, पॉलिसी घेतानाच फॉर्मवर शुगर लिहिलेली होती आणि वेटिंग पिरियड (आधीपासूनच्या आजाराला कव्हर सुरू होईपर्यंतचा काळ) केव्हाच संपला होता त्यामुळे तिथं त्यांना काही सापडलं नाही. आणि मग रिजेक्शनचं पत्र. कारण काय, तर पेशंट 24 तास भरती नव्हता, केलेली प्रक्रिया ओपीडी स्वरूपाची, म्हणजे भरती न होता नुसतं दाखवून जायची, आहे, पॉलिसीत ओपीडी कव्हर नाही.

मी कस्टमर केअरला फोन केला. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पॉलिसी नंबर, जन्मतारीख, रजिस्टर्ड मोबाईल, मग "मॅडम मी आपली अडचण समजू शकतो" आणि शेवटी "मॅडम, हे ओपीडीत येतं." मी विचारायची, ओटीत, भूल देऊन, डोळ्याच्या आत सुई घालून केलेली गोष्ट ओपीडी कशी? त्यावर उत्तर नाही, परत तेच वाक्य. आई शेजारी बसून ऐकायची आणि म्हणायची, जाऊ दे गं, पुढचं इंजेक्शन नको मला. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. पैशासाठी एका बाईनं डोळ्याचा उपचार थांबवायचा विचार करावा, आणि तोही जे कव्हर असायलाच पाहिजे त्याच्यासाठी.

कारण ते कव्हर आहे. हे मला नंतर कळलं, माझ्या भावाच्या एका मित्रानं सांगितलं जो एजंट आहे. आयआरडीएआयनं सप्टेंबर 2019 मध्ये एक्सक्लुजनबद्दल, म्हणजे पॉलिसीतून काय वगळता येतं त्याबद्दल, गाइडलाइन्स काढल्या, त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी आहे, रोबोटिक सर्जरी, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी वगैरे, आणि त्या यादीत इंट्राविट्रियल इंजेक्शन असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजेच डोळ्याच्या आत देतात ते हे इंजेक्शन. भरती करून असो की डे केअर म्हणून, म्हणजे प्रक्रिया करून त्याच दिवशी घरी सोडून असो, कंपनीनं ते पॉलिसीतून वगळायचं नाही. मर्यादा घालू शकतात, म्हणजे वर्षाला इतकेच रुपये असं, पण सरसकट नाही म्हणू शकत नाहीत. मग मी आईच्या पॉलिसीची पूर्ण वर्डिंग डाउनलोड केली, ते दोन पानी माहितीपत्रक नाही, पूर्ण जाडजूड पीडीएफ, आणि त्यात सर्च केलं तर मॉडर्न ट्रीटमेंट या हेडिंगखाली तेच शब्द त्यांच्याच पॉलिसीत छापलेले, शेजारी मर्यादा पण लिहिलेली. त्यांनीच छापलेलं आणि त्यांचाच माणूस फोनवर मला नाही सांगतोय! त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते पान प्रिंट करून मी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल केला. काही दिवसांनी उत्तर आलं, त्यात माझ्या मुद्द्याचं नावही नाही, जुन्या पत्रातला पॅराग्राफ तसाच्या तसा चिकटवलेला. फक्त एक नवीन वाक्य होतं, हॉस्पिटलच्या बिलावरच ओपीडी असं नमूद आहे.

मी बिल काढून बघितलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात, बिल नंबरच्या खाली, बारीक अक्षरात बिल टाइप म्हणून ओपीडी असं प्रिंट झालेलं. त्या दिवशीच्या सगळ्या बिलांवर तेच. हॉस्पिटलमध्ये गेले तर बिलिंगच्या मुलीनं सांगितलं, रात्र न राहिलेल्या पेशंटचं बिल सॉफ्टवेअरमध्ये बाय डिफॉल्ट तसंच निघतं. या एका शब्दावर सगळं अडकलेलं! ती बिलं बदलून मिळावीत म्हणून किती फेऱ्या, अकाउंट्सवाले म्हणणार जीएसटीचं रिटर्न भरून झालंय, मॅनेजर सुट्टीवर, मग मॅनेजर आले तर म्हणणार मॅडमची सही आणा. शेवटी बिल काही बदललं नाही पण रेटिनावाल्या मॅडमनी स्वतः लेटरहेडवर पत्र दिलं, त्यात आजाराचं नाव, कुठला डोळा, प्रक्रिया ओटीमध्ये निर्जंतुक परिस्थितीत लोकल अनेस्थेशियाखाली डे केअर म्हणून केली, ओपीडीच्या खोलीत ही करता येत नाही, आणि न केल्यास नजर कायमची जाण्याचा धोका, एवढं सगळं मोजक्या ओळींत. सोबत डे केअर समरी, त्यावर आत घेतल्याची आणि सोडल्याची वेळ. हे पत्र म्हणजे सोनं आहे. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच मागून घ्या, आणि बिल हातात पडलं की काउंटर सोडायच्या आधी वरचा कोपरा वाचा.

मग मी बीमा लोकपालांकडे गेले, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन, कंपनीविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारे. आमच्या कोल्हापूरसाठी पुण्याचं ऑफिस लागतं. त्याआधी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली होती (155255 ला फोन करूनही टाकता येते), पण ती फिरून कंपनीकडेच जाते आणि तेच उत्तर येतं, तरी टाका, रेकॉर्डवर राहतं. लोकपालांकडे जायला अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे आणि तिनं नाकारलेलं पाहिजे किंवा एक महिना उत्तर दिलेलं नसलं पाहिजे, आणि नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. फी एक रुपया नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात. तक्रार ऑनलाइन टाकता येते, सुनावणी व्हिडिओवर पण होऊ शकते, म्हणजे पुण्याला जायलाच हवं असं नाही. मी साध्या भाषेत लिहिलं, तारीखवार, काय झालं, काय मागितलं, काय दिलं, पॉलिसीतलं पान नंबर अमुक, आणि मॅडमचं पत्र. शिव्या नाहीत, रडगाणं नाही, हा सल्ला भावाच्या मित्राचा आणि तो बरोबर होता.

आणि बघा, जी कंपनी इतके महिने एकच वाक्य म्हणत होती तिचा सुनावणीच्या आधीच फोन आला, या वेळी नाव सांगून बोलणारा माणूस, "मॅडम आम्ही क्लेम रिव्ह्यू केलाय, तोवरची सगळी इंजेक्शनं मंजूर करतोय." वर्षाच्या मर्यादेत बसतील तेवढे पैसे आले, ग्लोव्हज वगैरेंचा खर्च कापून. खात्यात जमा झाल्याचा मेसेज आईला वाचून दाखवला तेव्हा मला एवढं हलकं वाटलं, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आणि अभिमानही वाटला, का नाही वाटायचा, वकिलाशिवाय स्वतः लढून मिळवलेत.

मधल्या काळात आईचं एकही इंजेक्शन चुकवलं नाही हे महत्त्वाचं. भावानं आणि मी मिळून भरले. क्लेम अडकलाय म्हणून उपचार थांबवू नका, पडदा वाट बघत नाही. आता तिच्या ओसीटीत ते काळे कप्पे खूप कमी झालेत, रेघा अजून किंचित वाकतात पण पेपरमधल्या बातम्या ती वाचते.

हो, मघाशी राहिलं. टाइप 2 डायबेटीस निदान झाला की त्याच वर्षी रेटिना तपासायचा आणि मग दरवर्षी, डोळ्याला काही त्रास नसला तरी. हा आजार दुखत नाही, लाली येत नाही, नजर 6/6 असतानाही आत बिघाड सुरू झालेला असू शकतो. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे रेटिनाची तपासणी नव्हे, थेंब घालून किंवा पडद्याचा फोटो काढूनच ते कळतं. त्याच दिवशी डोळ्याचं प्रेशर पण मोजून घ्या, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि तोही बऱ्याचदा गुपचूप वाढतो. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, गाडी चालवत जाऊ नका, गॉगल न्या, सोबत कुणीतरी असू दे. शुगरबरोबर बीपी पण कंट्रोलमध्ये पाहिजे, मॅडम प्रत्येक भेटीला आधी बीपीचाच आकडा विचारतात. आणि अचानक विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं दिसलं तर तो रेटिना सुटण्याचा इशारा असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

पॉलिसी रिन्यू करताना इंट्राविट्रियलची मर्यादा किती ते बघूनच पैसे भरा, दोन कंपन्यांत यात बराच फरक सापडतो. आईच्या नव्या पॉलिसी वर्षातल्या पहिल्या इंजेक्शनचा क्लेम आता परत "अंडर प्रोसेस" दाखवतोय. या वेळी मॅडमचं पत्र, पॉलिसीचं ते पान आणि मागच्या मंजुरीची कॉपी सुरुवातीलाच जोडलीय, आणि बिलावर डे केअर लिहून घेतलंय. परत ओपीडी म्हणाले तर ग्रीव्हन्सचा मेल ड्राफ्टमध्ये तयार आहे, फक्त तारीख टाकायचीय.