दीड वीत रुंदीची फळी

टूर घेऊन फ्लोरेन्सला पोचलो की दुपारचे तीन तास माझे मोकळे असतात. सकाळी लोकल गाइडबरोबर उफिझी हे चित्रसंग्रहालय बघून झालेलं असतं आणि मंडळी सान लोरेन्झोच्या बाजारात चामड्याच्या पर्सेस बघायला पांगतात. गेल्या मे महिन्यात मी अशीच कॉफी घेत बसले होते. ग्रुपमधले चित्रकलेचे सर समोर येऊन उभे राहिले. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. म्हणाले, "सकाळी चित्रं कुठं बघितली? नुसती माणसांची डोकी बघितली. कुठं शांतपणे एखादंच चित्र बघता येईल का?"

मी त्यांना पूल ओलांडून पित्ती राजवाड्यात नेलं. पहिल्या मजल्यावर राफाएलच्या चित्रांपुढे गर्दी होती, तिथं थांबलोच नाही. दुसऱ्या मजल्यावर जोव्हानी फात्तोरी या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं आहेत. एरवी मी कुणाला तिथं नेत नाही, वेळ कुठं असतो? पण मला स्वतःला तो फार आवडतो.

आधी त्याचं मोठं चित्र लागलं, साडेतीन मीटर रुंदीचं. ऑस्ट्रियाविरुद्धच्या माजेंताच्या लढाईनंतरची इटालियन छावणी. सर बराच वेळ बघत राहिले. "यात लढाई कुठंय?" खरंच नाही. लढाई संपलेली आहे, जखमींना घेऊन ख्रिस्ती जोगिणींची गाडी चाललीय. सरकारी स्पर्धेत त्याला हे काम मिळालं, चित्र 1862 मध्ये पुरं झालं.

मग मी त्यांना त्याआधीची हकिकत सांगितली. फात्तोरी लिव्होर्नोचा, जन्म 1825 चा. विशीत फ्लोरेन्सला शिकायला आला आणि पुढं किती वर्षं अकादमीच्या चाकोरीतली ऐतिहासिक चित्रंच रंगवत राहिला. संध्याकाळी काफे मिकेलाञ्जोलोमध्ये जमायचं. तिथं सिन्योरिनी, आब्बाती अशी वाद घालणारी तरुण चित्रकार मंडळी. 1859 मध्ये नीनो कोस्ता हा रोमचा चित्रकार फ्लोरेन्सला आला. त्यानं फात्तोरीचे उघड्यावर केलेले छोटे अभ्यास बघितले आणि हीच तुझी वाट आहे म्हणून त्याच्या मागे लागला. फात्तोरी तेव्हा चौतिशीला टेकलेला. कोस्ताचे हे उपकार तो विसरला नाही.

"चौतिसाव्या वर्षी," सर म्हणाले, आणि पुढं काही बोलले नाहीत.

ज्यासाठी मी त्यांना आणलं होतं, ते चित्र पुढं होतं. 'पाल्मिएरी स्नानगृहाचा मंडप', 1866. लाकडाची एक फळी, 35 सेंटिमीटर रुंद आणि फक्त 12 सेंटिमीटर उंच. सरांनी लांबूनच हवेत वीत धरून मोजलं. "दीड वीत. उंचीला तर अर्धीच." वर कापडी छत, सावलीत बसलेल्या बायका, मागे समुद्राची पट्टी. चेहरे नाहीतच. काळसर डाग, पिवळट डाग, त्याला लागून निळा.

सर मागे सरकले. "अगं, डोळे बारीक कर आणि बघ. पोरांना हेच सांगायचो मी. नाकडोळे विसरा, उजेड कुठंय आणि सावली कुठंय तेवढंच बघा."

आम्ही दोघं डोळे किलकिले करून उभे. काफेतल्या त्या चित्रकारांच्या गटाचं माक्कियायोली हे नाव 'माक्किया' म्हणजे डाग या शब्दावरून पडलं, वर्तमानपत्रातल्या टीकाकारानं हिणवून दिलेलं, हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्यांनी ते न सांगता ओळखलं होतं.

पत्नीच्या क्षयामुळे फात्तोरी त्या वर्षांत लिव्होर्नोलाच राहत होता. 1867 मध्ये ती गेली. त्या उन्हाळ्यात मित्र दिएगो मार्तेल्लीनं त्याला कास्तिल्योंचेल्लोच्या आपल्या वाडीवर नेलं, समुद्राकाठी. आब्बातीही तिथला नेहमीचा. 1860 च्या लढाईत एक डोळा गमावलेला तो माणूस 1868 मध्ये स्वतःचाच कुत्रा चावून गेला. त्यांच्यातला आणखी एक चित्रकार, सेर्नेझी, त्याआधीच युद्धकैदी असताना जखमांनी गेला होता. मला हे सांगताना दर वेळी जड जातं.

सर म्हणाले, "आमच्या वाईच्या घाटावर आम्ही तिघं बसायचो. मी एकटाच राहिलो."

बाहेर आल्यावर ते आर्नो नदीच्या कठड्यापाशी थांबले. पिशवीतून मिठाईच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा काढला, रंगांची छोटी डबी काढली, बाटलीतलं पाणी झाकणात ओतलं. फात्तोरीची मित्रमंडळी सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर रंगवायची, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. नदीवरची सावली पुलाच्या कमानीखाली सरकत होती, तिच्यामागे त्यांचा ब्रश धावत होता.

सहा वाजता कोच निघणार होती. पावणेसहाला मी ड्रायव्हरला फोन करून वीस मिनिटं मागून घेतली, ग्रुपवरही मेसेज टाकला. सव्वासहाला सर उठले. पुठ्ठा ओला होता. त्यांना पिशवी सांभाळायची होती म्हणून तो मी घेतला, आणि कडेला दोन बोटांनी धरून बसपर्यंत नेला.