दापोली ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर

"अहो, समुद्राच्या काठानं जायचं म्हणाला होतात ना? मग हा डोंगर कुणाचा?"

लाडघर सोडून बुरोंडीचा चढ लागला तेव्हा आमच्यातल्या बँकवाल्या काकांनी हा प्रश्न विचारला. नंतरच्या दोन दिवसांत तो अकरा जणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी विचारला. पुढे कुणी याच वाटेने जाणार असेल तर उत्तर आधीच देऊन ठेवतो. कोकणात नद्या सह्याद्रीतून निघून सरळ पश्चिमेला समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखाशी खाड्या, आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा उंच सडा, म्हणजे खडकाळ पठार. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारा रस्ता ही सगळी घडी आडवी कापत जातो. म्हणजे गावात उतरा, साकव ओलांडा, पुन्हा सड्यावर चढा, पुन्हा उतरा. कुठलाच चढ घाटासारखा दहा किलोमीटरचा नाही, पण संपतही नाहीत. आमच्या मीटरवर दोन दिवसांत मिळून १४० किलोमीटरही भरले नाहीत, चढाई मात्र २,००० मीटरच्या वर गेली. देशावरच्या सपाट रस्त्यांचा हिशोब धरून "एका दिवसात आरामात होईल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आमचा क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. दर रविवारी सकाळी सहाला दापोलीच्या केळस्कर नाक्यावर जमायचं, पंचवीस-तीस किलोमीटर हिंडायचं, कुठेतरी चहा आणि घावणे, नऊच्या आत घरी. वर्षातून एकदा मुक्कामी राइड. यंदाची पौषात, चतुर्दशी-पौर्णिमा साधून ठरवली. तिथी का साधली ते पुढे येईलच. अकरा जणांत सर्वांत लहान कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, सर्वांत मोठे निवृत्त गुरुजी, वय ६६. गुरुजींकडे बिनगिअरची जुनी काळी सायकल होती, ती त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली आणि गिअरची घेतली. अजूनही चढ आला की गिअर टाकायचं विसरून उभे राहून पेडल मारतात.

सव्वासहाला निघालो तेव्हा दापोलीत चांगलीच थंडी होती. उतारावर बोटं बधिर झाली. दापोली समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे पहिला टप्पा फुकटचा उतार. तो मनावर घेऊ नये, सगळा व्याजासह परत द्यावा लागतो. बुरोंडीच्या माथ्यावर अर्धगोलावर उभा परशुराम आहे. तिथे थांबून खालचा समुद्र पाहिला, केळी खाल्ली. पुढे कोळथरे, पंचनदी. या पट्ट्यात आंब्याला मोहोर आलेला होता आणि कुंपणाच्या आतून तो वास रस्त्यावर येत होता. रहदारी जवळपास नाही. पूर्ण प्रवासातला सायकलला सर्वांत चांगला तुकडा कोणता विचाराल तर मी हाच सांगेन, गणपतीपुळ्यापुढचा आरे-वारे नव्हे. दापोलीहून दाभोळला आतला रस्ता जवळचा आणि कमी दमवणारा आहे, ज्यांना वेळ कमी त्यांनी तो धरावा. पण मग किनाऱ्याने आलो म्हणू नये.

दाभोळला साडेदहाला पोचलो. जेट्टीजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, ती बाहेरून पाहिली तेवढ्यात फेरीबोट लागली. वाशिष्ठीची खाडी इथे रुंद आहे, पलीकडे धोपावे. रस्त्याने फिरून जायचं तर चिपळूणकडून मोठा वळसा पडतो, फेरीतून पंधरा-वीस मिनिटांत गुहागर तालुक्यात. पूल होणार, होणार म्हणतात. व्हावेत, गावांची सोय होईल. पण खाडीवरची ती वीस मिनिटं टेकायला मिळतात, ती जातील, हेही खरं.

फेरीवर एक चूक झाली आणि ती आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. आधी गाड्या चढवतात, मग दुचाकी, सायकली सगळ्यात शेवटी कठड्याला. आम्ही अकरा सायकली एकीला एक टेकवून ठेवल्या आणि फोटो काढायला वर गेलो. बोट धक्क्याला लागताना जरा धक्का बसला, शेवटची सायकल आडवी झाली. कॉलेजवाल्या मुलीची. पडली ती उजव्या अंगावर, म्हणजे चेनच्या बाजूला. उचलली, चाक फिरवून पाहिलं, फिरतंय म्हणून पुढे निघालो.

धोपाव्याहून वर चढलं की उजवीकडे वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. नव्वदच्या दशकात देशभर 'दाभोळ' म्हणून गाजलेला एन्रॉनचा प्रकल्प तो हाच. नाव खाडीपलीकडच्या गावाचं आणि जमीन गुहागरची. गुरुजींनी त्यावर एक चढभर व्याख्यान दिलं. दम न लागता बोलतात हे त्यांचं विशेष.

गुहागरला एकच्या सुमाराला जेवायला. जेवणाबद्दल एवढंच, की घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून माणसं किती आणि शाकाहारी किती ते सांगून ठेवा. अकरा भुकेले सायकलवाले अचानक दारात उभे राहिले तर कुणाचीही चूल कोलमडेल. मोदक हवे असतील तर तेही आधीच. आम्ही सांगितले होते. माणशी तीन धरले होते, बँकवाल्या काकांनी सात खाल्ले.

आता तिथीचं. कोळी लोकांचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्दशीला साडेदहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेचार-पावणेपाच. पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोलवर जाते, त्यामुळे गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूचा रुंद, टणक पट्टा मोकळा झाला होता. त्याच्यावर सायकल डांबरी रस्त्यासारखी पळते. टायरमधली हवा थोडी कमी केली तर आणखी छान. आम्ही टोकापर्यंत गेलो आणि आलो, गुरुजी तर हात सोडून. पण लगेच मुक्कामावर येऊन सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि चेनला तेल द्या. हे उद्यावर टाकलं तर सकाळी चेनवर तांबूस पूड दिसते. पाणी हलक्या धारेने, बादली-तांब्याने. जोराच्या पाइपने मारलं तर चाकाच्या आसातलं ग्रीस निघून खारं पाणी आत शिरतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघालो. पालशेत सोडल्यावर चढउतार सुरू. वेळणेश्वराला उतरणारा रस्ता खडा आणि वळणांचा आहे, वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. वळण यायच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडून द्या. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर तपासा, एवढ्या उतारांत ते पाहता पाहता झिजतात. देवळात दर्शन घेऊन हेदवीला. दशभुज गणपतीचं देऊळ वर, आणि खाली समुद्राकडे खडकातली बामणघळ. अरुंद कपार आहे, भरतीला लाट आत घुसली की पाणी वर उसळतं. पौर्णिमेची भरती सव्वाअकराची, आम्ही पावणेदहाला, त्यामुळे पूर्ण तमाशा नव्हता, पण दोन-तीन लाटांनी भिजवलं. ओल्या खडकावर सायकलचे बूट घालून उतरू नका. मी उतरलो होतो. ढोपर अजून दुखतंय.

नरवण मागे टाकलं आणि एका आखूड चढावर मागून खाडकन आवाज आला. मुलीने सर्वांत हलका गिअर टाकला होता. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी मागची यंत्रणा, मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेला, चाक जागच्या जागी अडकलं आणि हँगर तुटला. हँगर म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, आपटलं तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. काल फेरीवर सायकल पडली तेव्हाच तो आत वाकला होता. मधल्या गिअरवर कळलं नाही. हलका गिअर टाकला की डिरेलर आऱ्यांच्या अगदी जवळ जातो, आणि वाकलेला हँगर त्याला उरलेलं अंतर पार करून देतो. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर मागे उकिडवं बसून पाहा: डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या दातेरी चक्राच्या रेषेत खाली लोंबताहेत की आत झुकलीत. झुकलेली दिसली तर तो सर्वांत हलका गिअर टाकायचाच नाही. दहा सेकंदांचं काम होतं, अकरा जणांपैकी एकानेही केलं नाही.

रस्त्याकडेला काजूखाली सायकल उलटी केली. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही, त्यामुळे डिरेलर जोडणं शक्यच नव्हतं. उपाय एकच, गिअरची सायकल बिनगिअरची करायची. चेन ब्रेकरने पिन ढकलून चेन सोडली, डिरेलर काढून पिशवीत टाकला, वाकलेले दोन आरे हाताने जमतील तेवढे सरळ केले. मग चेन पुढच्या मधल्या चक्रावरून मागच्या मधल्या चक्रावर घेतली, म्हणजे वरून पाहिलं तर रेषा सरळ दिसली पाहिजे. तिरकी राहिली की चेन आपोआप शेजारच्या चक्रावर चढते आणि आवळते. पहिल्यांदा आम्ही एक जोड जास्त ठेवली, दहा फुटांवर चेन उतरली. पुन्हा तोडली. जोडकडी गुरुजींच्या खिशात निघाली, बिनगिअरच्या काळापासून ती तिथेच असावी. पाऊण तास गेला. एका घरातून आजी पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि मुलीला म्हणाल्या, "बाय, एवढ्या बाप्यांत तुझीच सायकल कशी मोडली गो?" मुलीचे हात कोपरापर्यंत काळे. ती म्हणाली, "आजी, यांनीच टेकवली होती."

त्या पाऊण तासाची खरी किंमत तवसाळला कळली. उतारावरून फेरी डोळ्यांदेखत सुटताना दिसली. पुढची यायला जवळजवळ तास. म्हणून या वाटेने जाणाऱ्यांना माझा आग्रह: दिवसाचं गणित किलोमीटरवर मांडू नका, फेरीवर मांडा. कितीची गाठायची ते ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. वेळा बदलत राहतात, आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. दुपारी भरती उतरू लागलेली होती, रॅम्पचा खालचा भाग नुकता उघडा पडलेला, शेवाळाने निसरडा. तिथे सायकलवरून उतरून, हातात धरून चला. यावेळी प्रत्येकाने आपापली सायकल पलीकडे जाईपर्यंत धरून ठेवली होती, हे सांगायला नकोच.

जयगडला उतरल्यावर शास्त्रीची खाडी मागे आणि ट्रक पुढे. बंदराची अवजड वाहतूक आहे, तेवढ्या पट्ट्यात एकामागे एक रांगेत चाला आणि मालगुंडकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता मिळेल तिथे लगेच वळा. किल्ला पाहायचा आमचा बेत वेळेअभावी गेला. मालगुंडला केशवसुतांचं, १८६६ साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या आधुनिक कवीचं, स्मारक आहे. गुरुजी आत गेले ते वीस मिनिटं बाहेर आले नाहीत आणि त्यांना बोलवायला कुणाचं धाडस होईना. गणपतीपुळ्याला चार वाजले. रविवार, गर्दी, बाहेरूनच हात जोडले.

आरे-वारेचा चढ फोटोत फार सुंदर दिसतो. सूर्य मावळताना तो सगळ्यांनाच सुंदर दिसतो, त्यामुळे अर्ध्या रस्त्यावर गाड्या लावलेल्या आणि माणसं सेल्फी काढत मागे मागे सरकणारी. सकाळी आलात तर हाच रस्ता तुमचा एकट्याचा. मुलगी एका गिअरवर निम्मा चढ चढली, उरलेला ढकलत. तिच्या मागे दोघं राहिले, बाकीच्यांना माथ्यावर थांबायला सांगितलं. सर्वांत मागच्याच्या मागे हत्यारांची पिशवी असलेला एक जण, हा आमचा नियम आहे, पण आजवर तो कागदावरच होता. काळबादेवी, शिरगाव करत रत्नागिरीत शिरलो तेव्हा पावणेसात, अंधार पडलेला. दिवे फक्त सात जणांकडे. चार जणांना मधे घेतलं.

परतीला सायकली छोट्या हत्तीत भरल्या, मधे गोणपाटं घालून, सगळ्या डाव्या अंगावर.

बरोबर घ्यायच्या गोष्टींची लांबलचक यादी देत नाही. दोन ट्यूब, पंप, अ‍ॅलन की, चेन ब्रेकर, जोडकडी, पुढे-मागे दिवे आणि आपल्या सायकलचा जादा हँगर. मागचं मोठं चक्र किमान ३२ दातांचं असावं, नाहीतर सड्यांवर चालत जायची तयारी ठेवा. पाण्याच्या दोन बाटल्या, कारण सड्यावर मैलोन्‌मैल टपरी नसते आणि जानेवारीतही अकरानंतर दमट उकाडा घाम काढतो. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, एका बाटलीत कोकम, साखर आणि मीठ.

फेब्रुवारीत केळशी-वेळासची एका दिवसाची राइड ठेवली आहे, वेशवीला जाऊन बागमांडल्याची फेरी फक्त बघायची, चढायची नाही. हँगर मागवलाय, अजून कुरिअरमध्येच आहे. तोवर मुलगी तीन रविवार एकाच गिअरवर येतेय, आणि गेल्या रविवारी चढावर बँकवाल्या काकांना मागे टाकून गेली. काका म्हणाले, आपलाही डिरेलर काढून टाकावा का.