ओझरचं मिग, १/७२: आतापर्यंतचं काम

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई काढली आणि माळ्यावरून प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानांच्या किटांचं खोकं खाली आलं. तळाला सहा वर्षांपूर्वी घेतलेलं, एकदाही न उघडलेलं मिग-२१ एफएल सापडलं, १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. आई म्हणाली, "एक तरी अडगळ कमी कर." म्हणून यंदा हेच घेतलंय.

खरं कारण वेगळं आहे. २६ सप्टेंबरला चंडीगडला हवाई दलानं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, ते बघायला बाबा टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसले होते. १९६३ मध्ये पहिली मिग जिथे आली, त्याच चंडीगडला शेवट झाला. बाबांना आता ऐकू कमी येतं, रिव्हेट गनच्या आवाजात नोकरी काढलेल्यांचे कान साठीतच जातात. पडद्यावरची विमानं बघून म्हणाले, "ही बायसन. बिसवरनं केलेली. आम्ही हात बसवला तो सेव्हंटी-सेव्हनवर."

बिस आणि बायसन हे मिग-२१ चे नंतरचे प्रकार, टाइप ७७ म्हणजेच एफएल. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) नाशिक विभाग १९६४ मध्ये ओझरला सुरू झाला, तो याच विमानासाठी. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. बाबा १९६९ मध्ये लागले, पंखांच्या जिगवर, म्हणजे पंख जोडायच्या सांगाड्यावर. नेमकं सांगायचं तर डाव्या पंखाच्या. नेमकं सांगायला हवंच, कारण ते स्वतः दर वेळी सांगतात.

आमच्याकडे एसटीच्या पाटीवरसुद्धा 'ओझर मिग' असायचं. लहानपणी मला वाटे, प्रत्येक गावाला आपापलं विमान असणार.

आज फक्त स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्यांना जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, धुतले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल प्लॅस्टिकवर राहतं आणि मग रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. इथे घाई करणाऱ्याला पुढे पस्तावावं लागतं, मी दोनदा पस्तावलोय.

२ नोव्हेंबर

धड जोडलं. पुढे जाण्याआधी, ज्यांना मिग-२१ चे प्रकार ओळखताना गोंधळ होतो त्यांच्यासाठी थोडंसं, कारण किटमध्ये दोन-तीन प्रकारांचे जादा भाग येतात आणि चुकीचा भाग डकवला की संपलं.

एफएलची पाठ बारीक असते, बिसची कुबडासारखी फुगीर. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली एकच पायलन (शस्त्रं टांगायची खुंटी), नंतरच्या एम आणि बिसला दोन-दोन. नाकावरची पिटो नळी, म्हणजे हवेतला वेग मोजायची नळी, एफएलला वर मधोमध, पुढच्या प्रकारांत ती उजवीकडे सरकली. एफएलची कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, अख्खी एकसंध आणि पुढच्या बाजूला बिजागरी, म्हणजे उघडली की पुढे झुकते. बिसची बाजूला उघडते. आणि एफएलच्या पोटात तोफ नाही. म्हणून १९७१ च्या युद्धात पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड लटकवून काम भागवलं. त्याच डिसेंबरच्या १२ तारखेला कच्छच्या आखातावर एफएलनं पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं आणि १४ तारखेला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट सोडली तीही मिग-२१ नीच.

पॉड मी लावणार नाही. युद्धातलं विमान म्हटलं की हिरव्या-मातकट पट्ट्यांचा कॅमोफ्लाज आला, आणि मला हवंय ते कारखान्यातून आल्यासारखं चंदेरी. बाबांनी पाहिलेलं तेच.

मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकातल्या शंकूत आणि कॉकपिटच्या मागे मिळून सहा ग्रॅम शिसं भरलं, मासे पकडायच्या गळाला लावतात ते. फेविक्विकनं चिकटवू नका, महिन्याभरानं ते आत खुळखुळायला लागतं आणि मग धड फोडण्यावाचून इलाज नसतो. अॅरल्डाइट वापरा.

९ नोव्हेंबर

पिटो नळी. किटमधली प्लॅस्टिकची नळी उदबत्तीएवढी जाड होती आणि स्प्रूवरून कापतानाच मोडली, ते बरंच झालं. मेडिकलमधून इंजेक्शनच्या दोन सुया आणल्या, एक २१ गेजची (हिरव्या टोपणाची) आणि एक २६ ची (तपकिरी). २१ ची बाहेरून ०.८ मिलीमीटर आणि आतून अर्ध्या मिलीमीटरच्या किंचित वर असते. २६ ची बाहेरून ०.४५ च्या आसपास. म्हणजे बारकी सुई जाड सुईत अलगद शिरते आणि मुळाशी जाड, टोकाला निमुळती अशी नळी तयार. दुकानदारानं विचारलं, "शुगर कुणाला?" म्हटलं, विमानाला.

सुई पकडीनं कापली तर टोक चेपतं. त्रिकोणी कानशीनं गोल खाच पाडायची आणि मग वाकवून तोडायची.

२३ नोव्हेंबर

आज भांडण झालं. म्हणजे झालंच म्हणा.

पंख जोडून बाबांना दाखवायला नेले. डेल्टा पंख, पुढची कड ५७ अंशांत मागे झुकलेली, दोन टोकांमधलं अंतर मोजून ९९ मिलीमीटर. खऱ्या विमानाचं ७.१५ मीटर, त्याला ७२ नं भागा. हिशेब चोख. (हा ७२ चा आकडा फूट-इंचांच्या जमान्यातला. सहा फुटांत ७२ इंच, म्हणून सहा फुटी माणूस १/७२ मध्ये बरोब्बर एक इंचाचा.)

बाबांनी भिंग घेतलं. डावा पंख उजेडाकडे धरला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "ह्या भेगा कसल्या?"

"पॅनल लाइन आहेत बाबा. पत्र्याचे जोड."

"जोड असे असतात? किती रुंद आहे ही?"

व्हर्नियर लावला. ०.२ मिलीमीटर. त्यांनी तोंडीच गुणाकार केला, चौदा मिलीमीटर आणि वर थोडं. "माझी करंगळी जाईल यात. असा पंख आम्ही पुढे ढकलला असता तर इन्स्पेक्शनवाल्यानं खडूनं फुली मारून परत पाठवला असता."

मी सांगू लागलो, की हल्ली अशीच पद्धत आहे, या रेषांत काळा वॉश, म्हणजे पातळ रंग, सोडायचा, मग तपशील उठून दिसतो, स्पर्धांमध्ये परीक्षक हेच बघतात. ते शांतपणे म्हणाले, "विमान बघतात की भेगा?"

त्यांचं काम काय असायचं, ते मी इतक्या वर्षांत नीट विचारलंच नव्हतं. रिव्हेट मारायला दोघं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, रिव्हेटच्या शेपटाला दाबून धरतो. मिगचा पंख इतका पातळ, की आत हात घालायला जागाच नाही. म्हणून आतल्या कामाला बारीक हाताची पोरं घ्यायचे आणि बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, काडीसारखे. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसलं पाहिजे. वरून बोट फिरवलं की लागता कामा नये. डोळ्यांनी नव्हे, बोटानं तपासायचे. हे सांगताना ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

रात्री गॅरेजवाल्याकडची एनसी पुट्टी (भेगा बुजवायचा लेप) काढली. रेषा बुजवायच्या.

३० नोव्हेंबर

रेषा बुजवणं हे खणण्यापेक्षा अवघड काम आहे, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बाबांशी जास्त भांडलो असतो.

पुट्टी सुकताना आकसते, त्यामुळे एका हातात काम होत नाही. पुट्टी, पॉलिशपेपर, प्रायमरचा हात, पुन्हा उजेडात बघणं, पुन्हा पुट्टी. आठशे, हजार, शेवटी दोन हजार नंबर, सगळं ओलं करून. फेविक्विकनंही रेषा भरतात, पण ते तासाभरात घासलं नाही तर प्लॅस्टिकपेक्षा टणक होतं आणि मग कागद भोवतालचं प्लॅस्टिक खातो, फेविक्विक तसंच राहतं. रेषा पूर्ण मिटवायची नाही. केसासारखी, कललेल्या उजेडातच दिसेल एवढी ठेवायची. फ्लॅप आणि एलेरॉन या पंखाच्या हलत्या भागांच्या रेषा मात्र खोलच ठेवल्या, तिथे खरोखरच फट असते.

नवीन मंडळींना एक सूचना. पुट्टी पातळ करायला एनसी थिनर लागतो आणि उघड्या पॉलिस्टायरीनला तो चाटून जातो. थेंब सांडला की पुसायला जाऊ नका. उडून जाऊ द्या, मग घासा. पुसलंत तर बोटाचा ठसा कायमचा.

लहानपणी आम्ही याच गुणाचा उपयोग करायचो. पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून डिंक बनवायचा आणि घरभर वास. माझं पहिलं किट त्यानंच जोडलं होतं. बाबांनी मुंबईहून आणलेलं नोवोचं हरिकेन, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं. नोवो म्हणजे मूळची ब्रिटिश फ्रॉगची किटं. सत्तरच्या दशकात फ्रॉग बुडाली आणि तिचे साचे सोव्हिएत युनियनला गेले. जर्मन-जपानी विमानांचे साचे मात्र रशियनांनी घेतले नाहीत, महायुद्धातल्या शत्रूची खेळणी आपल्याकडे नकोत! ते रेव्हेलकडे गेले. माझं हरिकेन कॅम्लिनच्या पोस्टर कलरनं रंगवलं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला बुरशी आली.

१४ डिसेंबर

आज दुःखाची नोंद.

चंदेरी रंगाखाली काळा चकचकीत थर लागतो. काळा जितका आरशासारखा, तितका वरचा धातू खरा वाटतो, कारण धातूचा थर इतका पातळ असतो की खालचं सगळं त्यातून बोलतं. काळा एनॅमल मारला, चार दिवस ठेवला, बोटाला कोरडा लागला, वर लॅकरचा अॅल्युमिनियम फवारला. दहा मिनिटांत डावा पंख दुष्काळातल्या तळ्यासारखा तडकला.

चूक माझीच. निफाड तालुक्यातली थंडी ही राज्याच्या बातम्यांत येणारी थंडी. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि मी एनॅमल चार दिवसांत सुकेल म्हणून बसलो. वरून सुकला होता, आत कच्चा. कच्च्या एनॅमलवर लॅकर गेला की तो खालून उचलतो. सगळं उतरवलं. तीन आठवड्यांच्या रेषांपैकी निम्म्या पुन्हा केल्या.

२१ डिसेंबर

थर्माकोलचं खोकं, आत ४० वॅटचा पिवळा बल्ब, झाकणाला दोन भोकं आणि लटकता थर्मामीटर. कोंबडीची अंडी उबवायला करतात तसंच. पारा चाळिशीच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पंख पापडासारखे वळतील. आईनं विचारलं, यात दही लागेल का. लागतं. थंडीत विरजण लागत नव्हतं, ते आता विमानाशेजारी लागतं. दोघांची वेळ जुळवावी लागते, कारण दह्याला थिनरचा वास आलेला कुणालाच आवडला नाही.

काळा थर सहा दिवस उबवला. मग टूथपेस्टनं घासला.

४ जानेवारी

धातू चढला! तीन छटा वापरल्या. धडाला मधली, काही पॅनलना किंचित गडद आणि शेपटीजवळ जळकी तपकिरी-निळसर झाक, कारण इंजिनाच्या आफ्टरबर्नरच्या आचेनं तिथला पत्रा रंग बदलतो. नाकातला शंकू आणि शेपटाचं टोक हिरवं. ते भाग धातूचे नसतातच, रडार आणि अँटेनाच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून.

सर्वांत चकचकीत छटा बाबांनी नापास केली. "क्रोमियमचं भांडं आहे का?" त्यांच्या मते डी-१६ चा पत्रा, म्हणजे रशियन ड्युरॅल्युमिन, नवा असतानाही दुधाळ असायचा. आरशासारखा कधीच नाही. म्हणून वरून सेमी-मॅट क्लिअरचा एक हात दिला आणि खरंच, खेळणं होतं ते विमान झालं. तुमच्यापैकी जे मेटल फिनिशला भांड्यासारखं घासून पुसून ठेवतात, त्यांनी एकदा हे करून बघावं. मी स्वतः वीस वर्षं भांडीच घासत होतो.

के-१३ क्षेपणास्त्रं दोन, प्रत्येकी ३९ मिलीमीटर. अमेरिकन साइडवाइंडरची ही नक्कल. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर एक न फुटलेलं साइडवाइंडर चिनी मिग-१७ मध्ये अडकून घरी आलं, त्यावरून रशियनांनी उतरवली. त्यांचे पंख इतके नाजूक की एक कार्पेटनं गिळला. बॅटरी लावून शोधतोय.

राहिलंय ते असं. डिकॅल, म्हणजे विमानावर डकवायच्या छापील खुणा, एका ओळखीच्या छपाईवाल्याकडून करून घेतलेत, पण हवाई दलाच्या चक्रातला केशरी विटकरीकडे गेलाय, पुन्हा छापावे लागतील. चाकं रंगवायची आहेत. पोटाखालची ४९० लिटरची टाकी लावायची की नाही, हे ठरत नाही. लावली तर पोटावरचं माझं चांगलं काम झाकतं.

संध्याकाळी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, भिंगही घेतलं नाही. अंगठ्यानं डाव्या पंखावरून बुडापासून टोकापर्यंत सावकाश हात फिरवला. परत फिरवला. मान हलवली.

उजव्या पंखावर एका ठिकाणी पुट्टी आकसून रेषा पुन्हा वर आलीय. मी ती आपणहून दाखवली, म्हटलं, एवढी घासून घेतो.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तो आमचा नाही."