आंब्याचे पैसे ईटीएफमध्ये ठेवताना

आंबा बागायतदाराच्या हातात पैसा वर्षातून एकदाच येतो. एप्रिल-मेमध्ये पेट्या जातात, दलालाचा हिशोब व्हायला जून उजाडतो. मग त्याच रकमेतून घरखर्च, खत, पावसाळ्यातलं कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध), मोहोरावरच्या फवारण्या आणि राखणदाराचा पगार. ही रक्कम ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरबाजारात युनिटच्या रूपात घेता-विकता येणाऱ्या फंडात, ठेवून दरमहा उत्पन्न काढता येतं, पण ते आपोआप खात्यात येत नाही.

निफ्टी म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक; त्यावर चालणारा निफ्टी बीस हा आपल्याकडचा पहिला ईटीएफ २००१ साली आला. आजही बहुतेक निफ्टी ईटीएफ कंपन्यांचा लाभांश तुम्हाला न देता फंडातच पुन्हा गुंतवतात. म्हणजे उत्पन्न हवं असेल तर युनिट विकायची. खरी जोखीम इथेच आहे: ज्या महिन्यात पैशांची गरज, त्याच महिन्यात भाव पडलेला असू शकतो. जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर गेलेला निफ्टी २४ मार्चला ७,५११ पर्यंत उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून देशभर लॉकडाउन, तोही आंबा बाजारात जायच्या तोंडावर. ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागा आडव्या केल्या. बाग आणि बाजार एकाच वर्षी दगा देतात, हे धरूनच वाटणी करायला हवी.

समजा हंगामानंतर १० लाख हातात आहेत. घरखर्च महिना २५,००० आणि बागेचा वर्षाचा खर्च दीड लाख, तर साडेचार लाखांना शेअरबाजार दाखवायचाच नाही. ते बचत खातं, मुदत ठेव आणि लिक्विड ईटीएफमध्ये (अगदी थोड्या दिवसांच्या कर्जात पैसा ठेवणारा ईटीएफ). लिक्विड ईटीएफ घेताना ग्रोथ प्रकार बघा, म्हणजे लाभांश न देता युनिटचा भाव वाढतो तो. रोज लाभांश देणाऱ्या प्रकारात युनिटचे अपूर्णांक साठतात आणि ते एक्स्चेंजवर विकता येत नाहीत. आणखी तीन लाख भारत बाँडसारख्या, कर्जरोख्यांत पैसा ठेवणाऱ्या ठरावीक मुदतीच्या ईटीएफमध्ये, म्हणजे एखादा हंगाम पूर्ण बुडाला तर पुढच्या वर्षाचा घरखर्च निभावतो. व्याजदर वाढले की त्याचाही भाव घसरतो, पण मुदत जवळ येईल तसा हा चढउतार कमी होतो. उरलेले अडीच लाख निफ्टी ईटीएफमध्ये, आणि तेही पाच-सात वर्षं हात न लावण्याच्या तयारीने.

खरेदी-विक्रीत सर्वात जास्त नुकसान होतं ते मार्केट ऑर्डरमुळे, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्या-विकण्यामुळे. निफ्टी ईटीएफमध्ये घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात थोडाच फरक असतो, पण उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये घेणारा ९८.६० ला आणि विकणारा १००.४० ला बसलेला असतो. तिथे मार्केट ऑर्डरने घेऊन तशीच विकली की शंभरामागे सुमारे पावणेदोन रुपयांचा फटका. म्हणून आधी फंडाच्या संकेतस्थळावर आय-एनएव्ही (एका युनिटची त्या क्षणाची अंदाजे खरी किंमत) बघा आणि त्याच्या आसपासच लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण भाव ठरवून दिलेली ऑर्डर, लावा, सकाळची पहिली पंधरा मिनिटं सोडून. परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफबाबत तर जास्तच जपा. फंडांवरची परदेशी गुंतवणुकीची मर्यादा भरली की नवी युनिट तयार होत नाहीत आणि बाजारभाव आय-एनएव्हीच्या खूप वर जातो. तो जादा भाव विकताना परत मिळेलच असं नाही.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ईटीएफवरचा नफा तसा नाही. शेअरच्या ईटीएफवर बारा महिन्यांनंतर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. त्याआधी विकलात तर २० टक्के. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या कर्जरोख्यांच्या ईटीएफचा नफा तुमच्या नेहमीच्या करदरात जातो.

प्रत्येक विक्रीवर डीमॅटचा (युनिट ठेवायच्या खात्याचा) आकार लागतो, त्यामुळे दरमहा थोडंथोडं विकण्यापेक्षा तीन महिन्यांची रक्कम एकदम काढलेली बरी. विक्रीचा व्यवहार लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, बँकेत पैसे यायला आणखी एखादा दिवस. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, गणेश चतुर्थीला बाजार बंद असतो. तेव्हा गणपतीच्या खर्चासाठीची विक्री निदान आठवडाभर आधी उरकून घ्या.