रोबिशो मालिका : सहावं पुस्तक, निम्म्याच्या पुढे

अमेरिकी लेखक जेम्स ली बर्क यांच्या डेव्ह रोबिशो या पोलीस डिटेक्टिव्हवरच्या रहस्यकथा-मालिकेतलं 'इन द इलेक्ट्रिक मिस्ट विथ कॉन्फेडरेट डेड' (१९९३) निम्मं वाचून झालं. १९८७च्या 'द निऑन रेन'पासून क्रमानेच येतेय आणि नव्याने सुरू करणाऱ्यांनाही तेच सांगेन. बुडालेल्या विमानातून डेव्हने छोट्या अलाफेअरला वाचवलं ते दुसऱ्या पुस्तकात. ते ठाऊक असलं की आता ती नुसती अंगणात खेळताना दिसली तरी जीव धास्तावतो.

लुईझियानातल्या न्यू आयबेरियात सिनेमाचं शूटिंग चाललंय. त्यात पैसा ओतणारा ज्युली बालबोनी हा डेव्हच्या जुन्या ओळखीतला गुंड. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्या एल्रॉड साइक्स या नटाला डेव्ह अडवतो, तेव्हा तो सांगतो की अचाफलायाच्या दलदलीत साखळदंडासकट एक सांगाडा पडलाय. डेव्ह चरकतो. १९५७ साली तिथेच एका कृष्णवर्णीय माणसाचा खून होताना त्याने पाहिला होता. सांगितलंही होतं. कुणी लक्ष दिलं नव्हतं.

तरुण मुलींच्या खुनांचा तपास समांतर चालू आहे, पण मला ओढून नेतेय ती ही जुनी हाडं. बर्क यांच्या निसर्गवर्णनाचं सगळेच कौतुक करतात. मला ते नुसतं वर्णन वाटतच नाही. पाऊस, विजा, सायप्रसच्या बुंध्यांभोवतीचं काळं पाणी, हे सगळं या खटल्यातले साक्षीदार आहेत. गावाने जे दडपलं ते दलदलीने जपून ठेवलं. म्हणून ही पानं भराभर उलटवत नाही, काही उतारे मोठ्याने वाचते.

आणि धुक्यात डेव्हला भेटणारं, अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) फौजेच्या जनरल जॉन बेल हूडचं भूत! खऱ्या हूडचा डावा हात गेटिसबर्गला निकामी झाला, उजवा पाय चिकमॉगाच्या लढाईत गेला आणि १८७९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये पीतज्वराने तो वारला. डेव्ह त्याच्याशी अदबीने बोलतो. ते प्रसंग विलक्षण उतरलेत, तरी मला खुपतात. गुलामगिरी राखायला लढलेल्या फौजेचा हा सेनापती, आणि त्याच दलदलीत साखळदंडातला तो माणूस. जनरलला इतकी माया का? बर्क याचा हिशेब पुढे मांडतील अशी आशा आहे, अजून तरी मांडलेला नाही.

बर्त्राँ ताव्हेर्निए यांचा टॉमी ली जोन्स असलेला २००९चा सिनेमा पुस्तक संपल्यावरच बघणार. मग मालिकेतलं पुढचं पुस्तक, 'डिक्सी सिटी जॅम'. ज्यांचं वाचून झालंय त्यांनी हूडबद्दल जरूर लिहा, खुनी मात्र सांगू नका.