दोन रामाजी

काल रात्रीपासून डोक्यात एकच. आमचा रामाजी गेला. म्हणजे तो दोनशे वर्षांपूर्वीच गेलाय, पण माझ्यासाठी काल गेला.

काकांच्या वंशावळीत दोन्ही मोडी कागद एकाच वर्षाचे, सन 1205. एकात रामाजी बिन विसाजी, म्हणजे विसाजीचा मुलगा रामाजी, शेत विकतो, खाली नांगराची निशाणी. दुसऱ्यात तेच शेत परत मागणारा अर्ज, तोही रामाजी बिन विसाजीच्याच नावाने. घालवलं आणि भांडून परत मिळवलं, ही आत्याची गोष्ट. त्या वर्षी, सगळं अंगावर आलं होतं तेव्हा, मी ती स्वतःला किती वेळा सांगितली असेल!

पण विक्रीचा कागद फसली, म्हणजे महसुली सनाचा. 590 मिळवले की 1795-96. अर्जावर 'खमस मयातैन व अलफ', म्हणजे अरबी शब्दांत 1205; हा सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत सापडणारी वेगळी कालगणना. त्यात 599 मिळवायचे, म्हणजे 1804-05. आकडा एक, अंतर नऊ वर्षांचं. तेही चाललं असतं. पण मोडी वाचून देणाऱ्या बाईंनी अर्जातला एक अडलेला शब्द सोडवला: 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला. पंचाण्णवमध्ये शेत विकणारा बाप्या नऊ वर्षांनी अज्ञान कसा असेल? हा नातू. नातवाला आजोबाचं नाव, बापाला पणजोबाचं. मग 'बिन'नंतरचं नावही तेच येणार.

हे सगळं पटतं. तरी चिडचिड जात नाही. माझा एक माणूस होता, पडला आणि उठला. आता एक नुसता पडलेला आहे आणि एक पोर आहे. उठलं कोण? वंशावळ नीट लागली म्हणून काका असते तर खूश झाले असते. असो.

दुपारी अर्ज पुन्हा काढला. अज्ञान पोर काय भांडणार, भांडली त्याची आई. अर्जात ती फक्त 'मातोश्री'. साक्षीदार मात्र एकूण एक बापाच्या नावासकट. ज्या एका नावाने हा घोळ झालाच नसता, तेवढंच कुणी लिहिलं नाही! यावर मी एकटीच मोठ्याने हसले.

वंशावळीत आता 'थोरला' आणि 'धाकटा' असे दोन रामाजी केलेत आणि मध्ये मातोश्रींची चौकट. आत्याला रविवारी सांगेन. ती आधी नाहीच म्हणेल, मग तिला हे आधीपासून ठाऊक होतं म्हणेल. दादाच्या पोराचं नाव आजोबांचं आणि दादाचं पणजोबांचं, हे तिला आत्ताच सुचवत नाही. निदान आधारवर जन्मतारीख तरी असते.