खात्यातून पैसे गेले, पण बिल भरलं गेलं का?

रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला की आपण निश्चिंत होतो. बिल मात्र वीज कंपनीकडे किंवा कार्डाच्या खात्यात जमेची नोंद पडेल तेव्हाच भरलं जातं. मधे किती वेळ जाईल, हे भरण्याच्या मार्गावर अवलंबून असतं.

वीज, गॅस, पाणी, ब्रॉडबँड यांसाठी बँकेच्या ॲपमधला 'बिल पे' विभाग सगळ्यांत भरवशाचा. त्यामागे भारत बिल पेमेंट सिस्टीम असते, आता तिचं नाव भारत कनेक्ट. महावितरणसाठी १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बिलिंग युनिट घातलं की रक्कम आणि नाव समोर येतं. ते नाव वाचाच. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच कुणाचं बिल भरलं जातं आणि ते पैसे परत मिळवताना दमछाक होते. बिल दिसलंच नाही तर ते अजून निघालेलं नसेल किंवा आधीच भरलेलं असेल. लगेच दुसऱ्या ॲपवरून भरू नका. व्यवहार 'पेंडिंग' दाखवत असेल तरीही तेच. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तक्रार त्यावरच नोंदवता येते.

ऑटो-पे, म्हणजे बिल आपोआप भरलं जाण्याची सोय, लावताना कमाल मर्यादा विचारली जाते. तिथे नेहमीच्या बिलाचा आकडा घालू नका, गेल्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या बिलापेक्षा थोडा जास्त घाला. नाहीतर मे महिन्यात पंखे-एसीचं बिल मर्यादेबाहेर जातं, पैसे कापले जात नाहीत आणि बिल थकतं. कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटो-पेमध्ये किमान २४ तास आधी सूचना येते. १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ही मर्यादा १ लाख आहे.

आता क्रेडिट कार्ड. खातं आणि कार्ड एकाच बँकेचं असेल तर ऑटो डेबिट लावाच, पण 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) निवडून. 'मिनिमम ड्यू' (किमान भरायची रक्कम) हा पर्याय महाग पडतो. समजा बिल २०,००० चं आहे आणि १,००० भरले. दरमहा साडेतीन टक्के दर धरला तर उरलेल्या १९,००० वर महिन्याला ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय बिनव्याजी मुदत जाते, म्हणून नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. मिनिमम भरल्यामुळे वाचते ती फक्त लेट फी.

कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर बिल पे विभागातून किंवा एनईएफटीने (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची सोय) भरता येतं. एनईएफटी करताना खाते क्रमांकाच्या जागी कार्ड क्रमांक येतो, आणि आयएफएससी (बँक शाखेचा कोड) त्या बँकेने कार्डांसाठी दिलेला वापरायचा. कोपऱ्यावरच्या शाखेचा नाही. कार्ड हरवून नवं आलं की क्रमांक बदलतो. जुना बेनिफिशियरी, म्हणजे पैसे पाठवण्यासाठी नोंदवलेला जुना कार्ड क्रमांक, तसाच राहिला तर पैसे परत येतात किंवा अडकतात, आणि तोवर देय तारीख उलटते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, तरी कार्डावर नोंद पडायला वेळ लागू शकतो. दोन-तीन दिवस आधी भरा. चेक टाकणार असाल तर आणखी आधी, आणि कार्ड क्रमांक चेकवर नीट लिहून.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते. ही सवलत चुकून राहिलेल्यासाठी आहे, मुदत वाढवून घेण्यासाठी नाही. चौथ्या दिवशी उशीर मोजायचा झाला तर तो मूळ तारखेपासूनच मोजला जातो.

ऑटो डेबिट नव्याने लावलंत तर चालू बिल हाताने भरा, कारण बहुतेकदा पैसे कापणं पुढच्या स्टेटमेंटपासून सुरू होतं. आणि पगाराचं खातं बदलत असाल तर जुनं बंद करण्याआधी त्यावरचे सगळे मॅन्डेट (आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या) नव्या खात्यावर घ्या. खात्यात पैसे नसताना मॅन्डेट परतला तर बँक दंड लावते, आणि कार्ड कंपनीही वेगळा लावू शकते.